मोटारघरातील चित्रनलिका आणि सपाट पडदा

ज्या वाहनात निजण्याची, स्वयंपाकाची, स्नानाची आणि बसण्याउठण्याची सोय इंजिनासह एकाच सांगाड्यावर केलेली असते, त्याला अमेरिकेत ‘मोटरहोम’ म्हणतात. मराठीत त्याला मोटारघर म्हणावयास हरकत नाही. आयोवा राज्यातील फॉरेस्ट सिटी या छोट्या गावात विनेबागो कंपनीने १९६६ साली अशी वाहने कारखान्यात क्रमाने जोडून बाहेर काढण्यास प्रारंभ केला, आणि तोवर हौशी लोकांनी बसगाड्यांत फेरफार करून बनविलेली ही चीज सामान्य कुटुंबाच्या आटोक्यात आली. पुढे इंडियाना राज्यातील एल्कहार्ट हे गाव या धंद्याचे माहेरघर बनले. आपल्याकडे अशी वाहने अद्याप विरळाच. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हा कोठे त्यांचे नाव वृत्तपत्रांतून येऊ लागले. तोवर जाड काचेच्या चित्रनलिकेचे युग संपले होते. म्हणून येथे ज्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे तो मुख्यतः अमेरिकेतील जुन्या वाहनांचा आहे. मात्र त्यातील भौतिकी कोणत्याही देशाच्या मालकीची नाही.

१९९० च्या दशकात आणि त्यानंतरच्या काही वर्षांत बांधलेल्या मोठ्या, बससारख्या दिसणाऱ्या मोटारघरांत दूरचित्रवाणी संचाची एक ठराविक जागा असे. ती म्हणजे पुढच्या भव्य काचेच्या वर, चालक आणि त्याच्या शेजारी बसणारा यांच्या डोक्यांच्या मधोमध असलेले कपाट. चित्रनलिकेच्या संचाला खोली भरपूर लागते, आणि वाहनात एवढी खोल पण एरवी निरुपयोगी जागा तेवढीच होती. संच तेथे बसविला, भोवती लाकडी चौकट ठोकली, की मागे बैठकीवर बसलेल्या मंडळींना तो दिसे. सत्तावीस इंची संच हा त्या काळी प्रतिष्ठेचा मानला जाई. त्याचे वजन ३५ ते ४५ किलो भरे. एवढे ओझे माणसांच्या डोक्यावर टांगून ताशी शंभर किलोमीटर वेगाने जाणे ही गोष्ट आज विचित्र वाटते, परंतु त्या काळी तिला पर्यायही नव्हता.

तो पर्याय पुढे आला आणि त्याच सुमारास जुन्या संचाची उपयुक्तताही घटली. १२ जून २००९ रोजी अमेरिकेतील पूर्ण शक्तीच्या दूरचित्रवाणी केंद्रांनी जुन्या पद्धतीचे प्रक्षेपण थांबविले आणि अंकीय प्रक्षेपण तेवढे उरले. जुना संच त्यानंतर एकट्याने काहीच दाखवू शकत नव्हता. त्याला रूपांतरक पेटी जोडावी लागे. सरकारने प्रत्येक कुटुंबाला अशा पेट्यांसाठी चाळीस डॉलरची दोनपर्यंत कूपने दिली. त्यामुळे बऱ्याच मोटारघरांतील जुने संच आणखी काही वर्षे तगले. आजही अशी दहा-वीस-तीस वर्षांची वाहने नव्या मालकांच्या हाती येतात, आणि नवा मालक पहिल्या आठवड्यातच वर मान करून त्या काळ्या अवजड पेटीकडे पाहतो.

जुनी नलिका

ती पेटी खाली उतरविण्यापूर्वी ती काय आहे हे समजून घेतले पाहिजे. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राउन याने १८९७ मध्ये ज्या नलिकेची रचना केली तिचेच हे विस्तारलेले रूप होय. जाड काचेच्या निर्वात पात्राच्या अरुंद मानेत एक तापलेला ऋणाग्र असतो. त्यातून सुटलेल्या इलेक्ट्रॉनांना २५ ते ३० हजार व्होल्टचा दाब पडद्याकडे खेचतो. मानेभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यांतील चुंबकीय क्षेत्र त्यांना डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली फिरविते, आणि पडद्याच्या आतल्या बाजूला दिलेला प्रस्फुरकाचा लेप जेथे आघात होईल तेथे उजळतो. रंगीत संचात अशा तीन शलाका असतात, आणि पडद्यामागे बारीक छिद्रांची एक पोलादी जाळी असते. लाल रंगाची शलाका केवळ लाल ठिपक्यावरच पडावी, हिरवी हिरव्यावर, निळी निळ्यावर, अशी दक्षता ही जाळी घेते.

पात्र निर्वात असल्यामुळे बाहेरची हवा त्यावर सर्व बाजूंनी दाबत असते. हा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो असतो. सत्तावीस इंची पडदा ५५ सेंटिमीटर रुंद आणि ४१ सेंटिमीटर उंच असतो. म्हणजे नुसत्या समोरच्या काचेवर सव्वादोन टनांचा भार सतत पडलेला असतो. काच इतकी जाड का आणि संच इतका जड का, याचे उत्तर या गुणाकारात आहे. नलिकेची मान मात्र पातळ असते. संच हातातून निसटून मान दुखावली, तर बहुतेक वेळा हवा आत शिरून नलिका निकामी होते एवढेच, परंतु काच जोराने आत कोसळून तिचे तुकडे बाहेर उडण्याची भीतीही राहतेच. संच बंद करून तारा काढल्यावरही नलिकेच्या काचेवर विजेचा भार बराच काळ शिल्लक राहू शकतो. यासाठी एकच नियम पुरे आहे. संचाची मागची पेटी उघडू नये. संच बदलण्याच्या कामात ती उघडण्याचे कारणच पडत नाही.

मोटारघरात या नलिकेला आणखी एक व्यथा होती. ती घरातल्या संचाला सहसा होत नसे, आणि तिचे कारण पृथ्वी आहे. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र दुबळे असले तरी नलिकेतील इलेक्ट्रॉन अतिशय हलके असतात. मानेपासून पडद्यापर्यंतच्या पाऊण हाताच्या प्रवासात ते क्षेत्र त्यांना काही मिलिमीटर बाजूला सारू शकते. जाळीच्या छिद्रांतील अंतर एक मिलिमीटरहून कमी असते, हे लक्षात घेतले म्हणजे हा ढळ किती मोठा हे उमगेल. लाल शलाका हिरव्या ठिपक्यावर पडली की पडद्याच्या कोपऱ्यात जांभळट वा हिरवट डाग उमटतो. म्हणून प्रत्येक रंगीत संचात, तो सुरू होताक्षणी, एक तारेची गुंडाळी क्षणभर गुरगुरून जाळीवरचे जुने चुंबकत्व पुसून टाकीत असे, आणि जाळी त्या क्षणीच्या पृथ्वीच्या क्षेत्राशी जुळवून घेत असे. दिवाणखान्यातला संच जन्मभर एकाच दिशेला तोंड करून बसतो, त्यामुळे एवढी तजवीज त्याला पुरते. मोटारघर सकाळी उत्तरेला तोंड करून उभे असते आणि संध्याकाळी पश्चिमेला. मागच्या प्रवाशांसाठी वाटेत संच चालूच ठेवला असेल तर वळणावळणाला रंग बिघडत, आणि संच बंद करून पुरता थंड होऊ दिल्याशिवाय ती गुंडाळी पुन्हा काम करीत नसे. त्यात रस्त्यावरचे हादरे मानेवरची वेटोळी हळूहळू सरकवीत. पुष्कळ मालकांनी हे डाग म्हणजे संचाचे म्हातारपण समजून सोडून दिले.

संच उतरविण्याच्या रीती कारखान्यागणिक वेगळ्या असतात. बहुधा समोरची सजावटीची चौकट काढली की संच दिसतो. तो खालच्या फळीतून वर आलेल्या बोल्टांनी किंवा वरून आवळलेल्या भोकांच्या पोलादी पट्टीने बांधलेला असतो. बोल्टांची डोकी कधी शेजारच्या कपाटातून, तर कधी खालच्या दिव्यांची पट्टी उतरविल्यावर सापडतात. बोल्ट सैल करण्यापूर्वीच दोन धट्टीकट्टी माणसे दोन्ही बाजूंना उभी असली पाहिजेत. संचाचे बहुतेक वजन समोरच्या काचेत असते, त्यामुळे तो पुढे ओढताच अपेक्षेपेक्षा लवकर कलंडतो. खाली वाहनाची प्रचंड पुढची काच आणि चालकाचा उपकरणफलक असतो. त्यांवर घोंगडी अंथरावी, आणि संच थेट जमिनीपर्यंत नेण्याऐवजी मध्ये एखाद्या भक्कम बाकावर टेकवावा. या कामात घाई करून पाठ धरून बसलेल्यांची संख्या नलिका फुटून इजा झालेल्यांपेक्षा कितीतरी अधिक असावी.

मापे

पडद्याचे माप कर्णाने सांगण्याची प्रथा आहे आणि ती येथे फसवी ठरते. जुन्या पडद्याची रुंदी व उंची यांचे प्रमाण ४:३ होते. नव्याचे १६:९ आहे. म्हणजे कर्ण तोच असला तरी नवा पडदा अधिक रुंद आणि अधिक बुटका असतो. सत्तावीस इंची जुना पडदा ५५ सेंटिमीटर रुंद व ४१ सेंटिमीटर उंच, तर सत्तावीस इंची नवा सुमारे ६० सेंटिमीटर रुंद व ३४ सेंटिमीटर उंच. जुन्याइतकीच उंची हवी असेल तर नवा पडदा तेहतीस इंची घ्यावा लागेल, आणि त्याची रुंदी ७३ सेंटिमीटर होईल. बत्तीस इंची हे माप दुकानात सर्रास मिळते. त्याचा पडदा ७१ सेंटिमीटर रुंद व ४० सेंटिमीटर उंच असतो. तो जुन्या चौकटीच्या दोन्ही बाजूंनी थोडा बाहेर येतो आणि जुन्या पेटीने सोडलेले भोक उंचीत मात्र पुरते झाकीत नाही, कारण ते भोक पडद्याचे नव्हे तर पेटीचे असते.

म्हणून खरेदीपूर्वी तीन मापे कागदावर लिहावीत: भोकाची रुंदी व उंची, भोकाच्या दोन्ही बाजूंच्या कपाटांची दारे उघडण्यास लागणारी जागा, आणि चालकाच्या डोक्यावरचे अंतर. तिसरे माप पुष्कळ जण विसरतात. संच पुढे झुकविला की त्याची खालची कड मागे राहते पण वरची पुढे येते, आणि आसनावरून उठणाऱ्याचे कपाळ तिच्यावर आदळते.

संच झुकवावा का लागतो, हा प्रश्न नव्या पडद्याच्या स्वभावाशी निगडित आहे. ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीड्रिख रायनिट्झर याला १८८८ मध्ये प्राग येथे एक चमत्कारिक पदार्थ आढळला. तो दोनदा वितळत असे. १४५ अंशांच्या पुढे तो गढूळ द्रव होई आणि १७८ अंशांच्या पुढे तोच द्रव स्वच्छ होई. गढूळ अवस्थेत तो द्रवासारखा वाहत होता, पण प्रकाशाशी मात्र स्फटिकासारखा वागत होता. या अवस्थेला पुढे द्रवस्फटिक हे नाव मिळाले. सपाट पडद्यात अशा द्रव्याचा अत्यंत पातळ थर दोन काचांमध्ये कोंडलेला असतो. दोन्ही बाजूंना प्रकाश एकाच पातळीत कंप पावू देणाऱ्या पट्ट्या असतात आणि मागे दिवा असतो. विजेचा दाब बदलला की लांबट रेणूंची मांडणी बदलते आणि त्याप्रमाणे दिव्याचा प्रकाश अडतो किंवा सुटतो. येथे निर्वात पात्र नाही, हजारो व्होल्ट नाहीत, आणि चुंबकीय उत्तर दिशेचे भयही नाही.

तथापि प्रकाश त्या थरातून सरळ गेला तर एक अनुभव येतो आणि तिरपा गेला तर दुसरा. स्वस्त संचांत दीर्घकाळ वापरल्या गेलेल्या, पिळलेल्या मांडणीच्या पडद्यांत हा दोष ठळक होता. समोरून चित्र चांगले दिसे, पण खालून पाहिल्यास गडद भाग उलटे पालटे, चेहरे काळवंडत. मोटारघरातला संच डोक्याच्या वर असतो आणि पाहणारा खाली बसलेला असतो, म्हणजे नेमक्या वाईट दिशेने पाहतो. बसलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून १.१ मीटरवर, पडद्याचा मध्य १.८ मीटरवर आणि दोहोंत अडीच मीटरचे अंतर धरले तर दृष्टी पंधरा-सोळा अंशांनी वर जाते. तेवढाच पडदा खाली झुकविला की तक्रार मिटते. १९९० च्या दशकात जपानमध्ये विकसित झालेल्या, रेणू काचेच्या पातळीतच फिरविणाऱ्या पडद्यांत हा दोष पुष्कळच कमी आहे, आणि थोडे पैसे अधिक गेले तरी या जागेसाठी तसाच पडदा घ्यावा असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

या दोषाच्या निवारणात भारताचाही एक वाटा आहे, आणि तो आपल्याकडे असावा तितका परिचित नाही. बंगलोरच्या रामन संशोधन संस्थेत शिवरामकृष्ण चंद्रशेखर आणि त्यांचे सहकारी सदाशिव व सुरेश यांनी १९७७ मध्ये दाखवून दिले की द्रवस्फटिक होण्यासाठी रेणू काडीसारखा लांबटच असला पाहिजे असे नाही. बेंझिनच्या कड्याभोवती सहा शाखा असलेले, नाण्यासारखे चपटे रेणूही चळतीचळतींनी रचले जाऊन ती अवस्था धारण करतात. तोवर नव्वद वर्षे सर्वांनी काड्यांचाच विचार केला होता. पुढे अशा चपट्या रेणूंच्या पातळ फिती तयार करून त्या पडद्यावर लावण्यात आल्या. काड्यांच्या तिरपेपणामुळे प्रकाशात होणारी चूक या नाण्यांच्या उलट तिरपेपणाने बरीचशी भरून निघते. जपानच्या फूजी कंपनीने १९९० च्या दशकात या फिती बाजारात आणल्या. आयोवातल्या एखाद्या मोटारघरात खालून पाहूनही चित्र ठीक दिसले, तर त्यात बंगलोरच्या त्या प्रयोगशाळेचा अंश असणे अशक्य नाही.

बांधणी

नवा संच पाच किलोच्या आसपास भरतो, त्यामुळे तो कसाही अडकविला तरी चालेल असे वाटू लागते. हा समज घातक आहे. टक्कर झाली आणि क्षणभर गुरुत्वाच्या वीसपट मंदन निर्माण झाले, तर पाच किलोचा संच शंभर किलोच्या ओढीने पुढे झेपावतो. जुना चाळीस किलोचा संच आठशे किलोच्या ओढीने झेपावला असता हे खरे, पण ज्याच्या डोक्यावर तो पडणार त्याला शंभर किलोही पुरे आहेत.

मोटारघराची भिंत दिसते तशी भरीव नसते. बाहेर पत्रा किंवा काचतंतूचा पातळ थर, आत तीन-चार मिलिमीटर जाडीचे प्लायवुड, आणि मध्ये फेसाळ प्लास्टिक, अशी ती घडविलेली असते. ठिकठिकाणी ॲल्युमिनियमच्या किंवा लोखंडी नळ्यांचा सांगाडा असतो. पातळ प्लायवुडमध्ये पिळलेला स्क्रू हादऱ्यांनी चार-सहा महिन्यांत आपले भोक मोठे करून घेतो. सांगाड्याची नळी कोठे आहे ते ठोकून, चुंबकाने (नळी लोखंडी असेल तर) किंवा एखादे लहान भोक पाडून शोधले पाहिजे. समोरच्या कपाटाच्या बाबतीत सुदैवाने जुन्या संचाची फळी तेथेच असते. तिने चाळीस किलो वर्षानुवर्षे पेलले आहेत. त्या फळीला आणि कपाटाच्या बाजूच्या उभ्या लाकडांना बिलगून अठरा मिलिमीटर प्लायवुडची चौकट उभी करावी आणि संच तिच्यावर घ्यावा. आरपार बोल्ट घालावेत, मागे रुंद वायसर द्यावेत, आणि हादऱ्याने न सुटणारे, नायलॉनची कडी असलेले नट वापरावेत.

संचाच्या पाठीवर चार भोके असतात. ती मनमानी नसतात. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या ‘व्हेसा’ या उत्पादकांच्या संघटनेने त्यांची अंतरे ठरवून दिली आहेत. लहान पडद्यांना ७५ किंवा १०० मिलिमीटरचा चौरस, मोठ्यांना २०० मिलिमीटरचा. त्यामुळे एका कंपनीचा संच दुसऱ्या कंपनीच्या आधारावर बसतो. स्क्रू योग्य जाडीचे आणि फार लांब नसलेले घ्यावेत, कारण लांब स्क्रू आतल्या पडद्यापर्यंत पोहोचतो आणि त्याला दुरुस्ती नाही. दुमडणारा लांब हात असलेला आधार दुकानात मोहक दिसतो. घरात तो ठीक आहे, पण वाहनात तो प्रत्येक खड्ड्याला डोलतो आणि डोलताना स्वतःचे सांधे झिजवितो. तो घ्यायचाच तर प्रवासात खिळवून ठेवणारी कडी असलेला घ्यावा.

काही कुशल मालक आणखी एक युक्ती करतात. जुन्या संचाने मोकळी केलेली जागा खोलीला अर्ध्या मीटरहून अधिक असते. नवा संच एका फळीवर बसवून ती फळी वरच्या कडेला बिजागरीने जोडतात आणि दोन वायुदाबी दांडे लावतात. संच वर उचलला की मागे प्रशस्त कपाट मिळते. फळीला भक्कम कुलूप मात्र हवे, आणि त्या कपाटात डब्यांऐवजी पांघरुणे ठेवलेली बरी.

वीज

मोटारघराला वीज दोन ठिकाणांहून मिळते. मुक्कामाच्या तळावर खांबाला तार जोडली की १२० व्होल्टची घरगुती वीज येते. अमेरिकन लोक तिला ‘किनाऱ्याची वीज’ म्हणतात. हा शब्द जहाजांकडून आला आहे. बंदरात लागलेले जहाज किनाऱ्यावरून वीज घेते तसेच हे. रानात किंवा वाटेत थांबले असता मात्र १२ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर भागवावे लागते, आणि तेव्हा प्रत्येक अँपिअरचा हिशेब घरच्या जमाखर्चाइतका खरा असतो. कारण त्याच बॅटऱ्यांवर पाण्याचा पंप, दिवे आणि हिवाळ्यात हवा तापविणाऱ्या भट्टीचा पंखा चालतो. रात्री चित्रपट पाहून बॅटरी रिकामी झाली तर पहाटे गोठवणाऱ्या थंडीत भट्टी बंद पडते. म्हातारी माणसे बरोबर असताना ही केवळ गैरसोय राहत नाही.

जुना सत्तावीस इंची संच साधारण १०० वॅट घेई. तो १२० व्होल्टवरच चालत असल्याने मध्ये इन्व्हर्टर लागे आणि त्यात दहा-पंधरा टक्के वीज वाया जाई. म्हणजे बॅटरीतून सुमारे साडेनऊ अँपिअर प्रवाह जाई. १०० अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी अर्ध्याहून अधिक रिकामी करणे तिच्या आयुष्याला अपायकारक असते. म्हणून हाती ५० अँपिअर-तास उरत आणि ते पाच तासांत संपत. बत्तीस इंची नवा संच ३०-४० वॅटवर चालतो. बारा व्होल्टवर तो तीन अँपिअर घेतो, आणि तेच ५० अँपिअर-तास सोळा तास पुरतात. संच बदलण्याची खरी कमाई येथे आहे. चित्राची सफाई हा वरचा लाभ समजावा.

परंतु ही कमाई बाराच्या बारा व्होल्टवर थेट चालणाऱ्या संचाची आहे. साधा घरगुती संच घेतला तर इन्व्हर्टर राहतोच, आणि दोन हजार वॅटचा मोठा इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी एक-दोन अँपिअर खातो. तीन अँपिअरच्या कामासाठी दोन अँपिअरची दलाली देण्यात शहाणपण नाही. त्यासाठी दीड-दोनशे वॅटचा छोटा इन्व्हर्टर वेगळा ठेवावा. थेट बॅटरीवर चालविण्यासाठी काही जण असा संच निवडतात ज्याची वीज बाहेरच्या छोट्या रूपांतरकातून येते आणि ज्याच्या चिठ्ठीवर १२ व्होल्ट लिहिलेले असते. येथे एक अडचण आहे. ‘बारा व्होल्टची’ बॅटरी क्वचितच बारा व्होल्टची असते. पूर्ण भरलेली आणि विसावलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखविते, ती भरत असताना दाब १४.४ पर्यंत चढतो, आणि थकल्यावर तो बाराच्याही खाली उतरतो. घरगुती संचाची अपेक्षा स्थिर बारा व्होल्टची असते. मोटारघरासाठीच बनविलेले संच हा चढउतार सोसतात. इतरांसाठी मध्ये दाब स्थिर ठेवणारे उपकरण घालावे. त्याची किंमत संचाच्या मानाने नगण्य आहे.

तारेची जाडीही विसरून चालत नाही. बॅटरी सहा मीटर दूर असेल तर जाऊनयेऊन बारा मीटर तांबे होते. दीड चौरस मिलिमीटरच्या तारेत तीन अँपिअरला ०.४ व्होल्ट गळतात, आणि निम्म्या जाडीच्या तारेत ०.८. आधीच बाराला टेकलेल्या बॅटरीवर हा फरक संच चालणे आणि बंद पडणे यांमधला ठरतो. बॅटरीजवळ पाच अँपिअरचा फ्यूज असलाच पाहिजे. बारा व्होल्टचा झटका बसत नाही, पण तार पेटविण्यास ते पुरेसे आहेत. १९८० च्या दशकात आपल्याकडे वीज न पोहोचलेल्या गावांत छोटे कृष्णधवल संच ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालत आणि १९८७-८८ मध्ये रविवारी सकाळी ‘रामायण’ पाहण्यासाठी सारा गाव त्यांच्यापुढे बसे. ज्यांनी ते पाहिले आहे त्यांना मालिका संपण्याआधी बॅटरी बसण्याचे दुःख समजावून सांगावे लागणार नाही.

एक शेवटचा धागा जुन्या संचाच्या मागे दडलेला असतो. अमेरिकेत अनेक राज्यांत चालकाला दिसेल असा चालू पडदा ठेवण्यास मनाई आहे. म्हणून कारखानदार पुढच्या संचाच्या विजेत एक रिले घालीत. इंजिनाची किल्ली फिरविली की संच बंद. नवा संच त्याच जागी जोडल्यावर तो कधी चालतो, कधी चालत नाही, असे आढळले की लोक दुकानदाराशी भांडतात. किल्ली कोणत्या स्थितीत होती एवढे पाहिले तर उलगडा होतो. हा रिले काढून टाकू नये.

छतावरची एरियल

आता चित्र यावयाचे ते छतावरच्या एरियलमधून. वटवाघळाच्या पंखांसारखी दिसणारी, आतून दांडा फिरवून उभी करावयाची एरियल या वाहनांवर सर्वत्र आढळते. आयोवातल्याच विनेगार्ड कंपनीची ती देणगी. तिच्या माथ्यावर एक प्रवर्धक असतो, आणि त्याला लागणारी १२ व्होल्टची वीज चित्र खाली आणणाऱ्या तारेतूनच वर जाते. भिंतीवर एक बटण आणि छोटा दिवा असतो. बटण चालू असले की एरियल जोडलेली, आणि बंद असले की तळावरची केबल. नवा संच बसविताना तार या बटणाला वळसा घालून नेली, किंवा बटण आणि छत यांच्यामध्ये वीज अडविणारा फाटा बसविला, तर प्रवर्धक उपाशी राहतो आणि दोष मात्र नव्या संचाच्या माथी येतो.

जुन्या प्रक्षेपणात संकेत क्षीण झाला की पडद्यावर मुंग्या दिसत, पण माणसे ओळखू येत. एकाने गच्चीवर एरियल फिरवावी आणि दुसऱ्याने खालून ‘आलं, आलं’ म्हणून ओरडावे, ही आपल्याकडची परिचित रीत त्या मुंग्यांवरच आधारलेली होती. अंकीय प्रक्षेपणात चित्र एक तर पूर्ण येते किंवा मुळीच येत नाही. म्हणून एरियल अंदाजाने फिरविण्याऐवजी संचातील संकेतमापक पाहत, थोडे थोडे फिरवून, प्रत्येक वेळी काही सेकंद थांबावे लागते. गाव बदलले की वाहिन्यांचा शोध संचाकडून नव्याने करवून घ्यावा लागतो. शिवाय २०१७ ते २०२० या काळात तेथील असंख्य केंद्रांनी आपल्या लहरी बदलल्या, कारण वरचा पट्टा भ्रमणध्वनीसाठी देण्यात आला. जुन्या मालकाने लिहून ठेवलेली यादी त्यामुळे निरुपयोगी असते. आणि निघण्यापूर्वी एरियल खाली घ्यावी. अनेक जण त्यासाठी सुकाणूचक्राला एक चिठ्ठी बांधून ठेवतात.

उतरविलेला संच तळाच्या कचरापेटीजवळ ठेवून निघून जाणारेही आहेत. नलिकेच्या मागच्या नरसाळ्यासारख्या काचेत क्ष-किरण अडविण्यासाठी शिसे मिसळलेले असते, आणि एका मोठ्या संचात ते किलोंनी मोजावे लागते. कॅलिफोर्नियाने २००३ मध्येच यासंबंधी कायदा केला. जोवर नव्या चित्रनलिका बनत होत्या तोवर जुनी काच धुऊन, दळून पुन्हा भट्टीत जाई. अमेरिकेतील कित्येक टन काच या वाटेने भारतात येत होती, कारण गुजरातमधील भरूच येथील व्हिडिओकॉनची भट्टी ही जगात उरलेल्या अखेरच्या मोठ्या भट्ट्यांपैकी होती. मागणी आटली, भट्ट्या विझल्या, आणि अमेरिकेतील काही गोदामांत त्या काचेचे ढीग मालकांवाचून पडून राहिले. आज जुना संच स्वीकारणारी केंद्रे बहुधा त्यासाठी शुल्क आकारतात. जाण्यापूर्वी दूरध्वनीने विचारून घ्यावे, कारण चित्रनलिकेचे संच मुळीच न घेणारी केंद्रेही आता पुष्कळ आहेत.